गल्लीत सत्तर चालतं? वेगमर्यादेच्या आकड्याची गोष्ट

आजचा भाग एका प्रश्नाने सुरू करूया. तुमच्या घरासमोरच्या गल्लीत कार जास्तीत जास्त किती वेगाने चालवता येते? म्हणजे कायद्याने, पकडलं तरी चलन होणार नाही अशा वेगाने. मित्रांना विचारून बघा. कोणी वीस म्हणेल, कोणी तीस, आणि बरेच जण म्हणतील, ‘गल्लीत कसली आलीय मर्यादा!’

उत्तर केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत आहे. महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीतल्या रस्त्यांवर कारसाठी ताशी ७० किलोमीटर, मोटरसायकलसाठी ६० आणि रिक्षासाठी ५०. ही झाली देशाची वरची मर्यादा. राज्य सरकार किंवा राज्याने अधिकार दिलेला अधिकारी यापेक्षा कमी आकडा ठरवू शकतो. पण तुमच्या रस्त्यासाठी तसा कोणी ठरवलाच नसेल, तर सांगलीत विश्रामबागेतला कॉलनीचा रस्ता असो किंवा साताऱ्यात शाहूपुरीतली गल्ली, कागदावरचा आकडा सत्तरच राहतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिफॉल्ट म्हणतो. वापरणाऱ्याने काहीच निवडलं नाही तर सिस्टिम जो आकडा धरून चालते, तो. बहुतेक लोक सेटिंगमध्ये कधी जातच नाहीत, त्यामुळे डिफॉल्ट काय ठेवलंय यावरच सगळं ठरतं. मग गल्लीचा डिफॉल्ट सत्तर कसा झाला? आणि सत्तरच्या जागी तीस लिहिलं तरी तो पाळायला लावणार कोण? या दोन प्रश्नांच्या मागे दीडशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. चला, सुरुवातीपासून बघू.

आकडा नसलेला कायदा

मोटार यायच्या आधीही रस्त्यावर लोक भरधाव जायचेच. घोडे होते, टांगे होते, बग्ग्या होत्या. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २७९ आलं. सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन किंवा घोडा इतक्या बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे हाकला की माणसाच्या जिवाला धोका व्हावा, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८७० मध्ये ३०४-अ जोडलं गेलं: निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. या दोन्ही कलमांत वेगाचा आकडा कुठेच नाही. ‘बेदरकार’ म्हणजे किती, हे कोर्टाने त्या त्या वेळी ठरवायचं.

आपल्या दोन शहरांची तेव्हाची स्थिती वेगवेगळी होती. साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं होतं, त्यामुळे तिथे इंग्रजांचा कायदा थेट लागू. सांगली मात्र पटवर्धनांचं संस्थान. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानात आपोआप लागू होत नसत. म्हणजे आज एसटीने काही तासांत होणाऱ्या प्रवासात तेव्हा राज्यच बदलायचं.

या कलमांची एक मर्यादा लक्षात घ्या. त्यांचा वापर मुख्यतः काहीतरी घडून गेल्यावर होतो. टांगा उधळला, माणूस चिरडला, मग खटला. रोज संध्याकाळी त्याच रस्त्यावरून कोणी वेगात जातो आणि नशिबाने काही होत नाही, त्याला ही कलमं सहसा हात लावत नाहीत. वेगमर्यादेचा आकडा लागतो तो यासाठीच, अपघात व्हायच्या आधी थांबवता यावं म्हणून.

लाल झेंडा आणि सायकलवरचा पोलीस

आकड्याची सुरुवात बघायला आपल्याला इंग्लंडला जावं लागेल, कारण आपला मोटार कायदा तिथल्याच वळणावर बेतलेला आहे. १८६५ मध्ये तिथे वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरच्या इंजिनांसाठी कायदा झाला. गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल, आणि इंजिनाच्या पुढे एक माणूस लाल झेंडा घेऊन चालणार. ताशी २ मैल म्हणजे साधारण ३ किलोमीटर. आजी देवळात जाते, तिचा वेग याहून जास्त असेल.

हा कायदा अजून लागू असतानाच मोटारी आल्या. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अरनॉल्ड नावाच्या माणसाने आपली गाडी २ मैलांच्या हद्दीत ताशी ८ मैलांनी पळवली. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठलं. वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग. मोटार वेगात चालवल्याबद्दल शिक्षा झालेला हा पहिला माणूस समजला जातो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक बाई मोटारीखाली सापडून गेली. मोटारीने जीव गेलेली ब्रिटनमधली ती पहिली पादचारी.

१९०३ मध्ये तिथे नवा मोटार कायदा आला आणि मर्यादा २० मैल झाली. त्या कायद्यात एक छोटंसं वाक्य होतं, आणि आजच्या आपल्या भागाचा अर्धा जीव त्या वाक्यात आहे. वाक्याचा अर्थ असा: वेगाबद्दलच्या एकाच साक्षीदाराच्या मतावर वेगाच्या गुन्ह्याची शिक्षा देता येणार नाही.

का? कारण वेग हा डोळ्यांना दिसतो तसा नसतो. मोठ्या आवाजाची गाडी वेगात वाटते, तर शांत गाडी हळू. एका हवालदाराने म्हणावं ‘चाळीसने जात होता’, चालकाने म्हणावं ‘वीसने’, मग कोणाचं खरं? त्यामुळे तिथल्या पोलिसांनी रस्त्याचा मोजलेला तुकडा आणि स्टॉपवॉच घेऊन झुडपांमागे बसायला सुरुवात केली. आणि मोटारवाल्यांनी काय करावं? १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. तिची माणसं सायकलवर फिरून पुढे पोलीस दबा धरून बसलेत का हे बघायची आणि सभासदांना सावध करायची. १९१० मध्ये कोर्टाने अशा इशाऱ्यांना आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी शक्कल काढली. एरवी सभासदाची गाडी दिसली की सलाम ठोकायचा. पुढे पोलीस असले की सलामच ठोकायचा नाही. सलाम आला नाही की चालकाने समजून घ्यायचं.

आज आपण मॅपवर ‘पुढे स्पीड कॅमेरा’ हे वाचून ब्रेक दाबतो आणि शंभर मीटर पुढे पुन्हा ॲक्सिलरेटर. खेळ तोच आहे, शंभर वर्षं जुना.

दिव्याचा खांब

ब्रिटनमध्ये पुढे एक मोठं वळण आलं. १९३० च्या कायद्याने कारवरची वेगमर्यादाच काढून टाकली. वीस मैलांची मर्यादा कोणी पाळत नव्हतं, न पाळला जाणारा कायदा कशाला ठेवायचा, असा विचार होता. पण रस्त्यावर माणसं मरतच राहिली. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ जणांचा मृत्यू झाला. मग मर्यादा परत आली, पण वेगळ्या रूपात. मार्च १९३५ पासून वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० मैल.

आता प्रश्न आला की वस्ती कशाला म्हणायचं. प्रत्येक गल्लीची वेगळी अधिसूचना काढत बसायचं का? त्यांनी सोपी खूण निवडली, दिव्याचे खांब. रस्त्यावर २०० यार्डांपेक्षा कमी अंतरावर दिवे असतील तर ती वस्ती आणि तिथे ३० मैल. फलक असो वा नसो, खांब दिसला की वेग कमी.

१९३५ मध्ये मृत्यूंचा आकडा ६,५०२ वर आला. त्याच वर्षी चालकांची सक्तीची परीक्षाही सुरू झाली आणि पादचाऱ्यांसाठी रस्ता ओलांडायच्या खास जागाही आल्या, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या मर्यादेला देता येत नाही. पण कल्पना बघा किती साधी आहे. गल्ली संरक्षित आहे, हेच डिफॉल्ट. जिथे जास्त वेग हवा, तिथे सरकारने वेगळं सांगायचं.

आपण काय घेतलं, काय सोडलं

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात १९१४ मध्ये मोटार वाहन कायदा झाला, मग १९३९ चा, आणि आज लागू आहे तो १९८८ चा. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. सांगली शहर दक्षिण साताऱ्यात. या दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली जिल्हा झालं ते २१ नोव्हेंबर १९६० ला. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ असाच लिहिलेला सापडेल. थोडक्यात, दोन्ही शहरं एकाच कायद्याखाली येऊन आता पंचाहत्तर वर्षं उलटली.

१९८८ च्या कायद्यात वेगाची दोन कलमं महत्त्वाची. पहिलं कलम ११२. वाहनाच्या प्रकारानुसार केंद्र कमाल वेग ठरवतं. त्याहून कमी मर्यादा हवी असेल तर राज्याने राजपत्रात अधिसूचना काढायची आणि योग्य ठिकाणी फलक लावायचे. एक महिन्याच्या आतला निर्बंध असेल तरच अधिसूचनेशिवाय चालतं. दुसरं कलम १८३. जास्त वेगाचा दंड. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याला ४०० रुपयांपर्यंत होता, आता कारसारख्या हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये आणि मोठ्या वाहनांना २,००० ते ४,०००.

आणि याच १८३ च्या तिसऱ्या पोटकलमात कोण बसलंय? तेच १९०३ चं वाक्य! एका साक्षीदाराच्या मतावर शिक्षा नाही, ते मत यांत्रिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेलं असल्याशिवाय. २०१९ मध्ये त्यात ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्दही आला.

म्हणजे लंडनहून साक्षीदाराची अट आपल्याकडे आली. दिव्याच्या खांबाची कल्पना मात्र आजच्या आपल्या कायद्यात नाही. वस्तीतला रस्ता म्हणून त्याला आपोआप मिळणारा कमी आकडा नाही.

आता हे सगळं एका गल्लीला लावून बघा. समजा सांगलीत शंभरफुटी रस्त्याच्या मागच्या कॉलनीत रोज कोणीतरी पन्नासने बाइक पळवतो. चौकातल्या पोलिसाने पकडायचं म्हटलं तर आधी त्या रस्त्याला पन्नासपेक्षा कमी मर्यादा ठरवणारी अधिसूचना लागेल. मग फलक लागेल. मग स्पीडगन लागेल. यातलं एक जरी नसलं तरी वेगाचं चलन कोर्टात टिकणं अवघड. राहतं ते धोकादायक ड्रायव्हिंगचं कलम १८४, किंवा जुन्या २७९ ची आताची आवृत्ती, भारतीय न्याय संहितेचं कलम २८१. म्हणजे गल्ली पुन्हा १८६० मध्येच जाऊन पोचते. ‘बेदरकार’ होतं की नव्हतं यावर वाद, आणि तोही बहुतेक वेळा काहीतरी घडल्यावर.

साक्षीदाराची अट चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. ती नसती तर ‘साहेब म्हणतात म्हणून वेगात होता’ असं कोणाचंही चलन फाडता आलं असतं. अट न्याय्यच आहे. पण पुरावा मागणारा कायदा केला की पुरावा गोळा करायची सोयही करावी लागते. हायवेवर ती केली गेली. गल्लीत नाही.

कॅमेरे कुठे गेले

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे नियम आणले. स्पीड कॅमेरा, स्पीडगन, नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा, हे सगळं त्यात येतं. कॅमेऱ्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस जायला हवी, असंही त्यात आहे. ही यंत्रणा कुठे लावायची? राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरच्या धोकादायक आणि गर्दीच्या टप्प्यांवर, दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत, आणि यादीत दिलेल्या १३२ शहरांतल्या मोठ्या चौकांत.

त्या १३२ मध्ये महाराष्ट्रातली १९ शहरं आहेत. सांगली आहे. सातारा नाही.

सातारकरांनी नाराज व्हायचं कारण नाही, कारण यादीत असूनही सांगलीच्या गल्लीला फारसं काही मिळत नाही. नियमाचा रोख महामार्ग आणि मोठे चौक यांच्यावर आहे, आणि त्यामागे कारणही आहे. साताऱ्यालाच विचारा. पुण्याहून येणारा महामार्ग, खंबाटकी घाट, बोगद्यानंतरचं ते एस आकाराचं वळण. एप्रिल २०१८ मध्ये त्याच वळणावर मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटला आणि एका फटक्यात पंधराहून जास्त माणसं गेली. अशा ठिकाणी कॅमेरा पाहिजेच.

पण कॅमेरा महाग, तो बघणारी माणसं मोजकी, त्यामुळे तो तिथेच जाणार जिथे गाड्या जास्त. शंभर घरांच्या गल्लीत कोणी कॅमेरा लावणार नाही, आणि लावावा असंही नाही. मग गल्लीने काय केलं?

डांबराचा हवालदार

गल्लीने स्वतःचा पोलीस उभा केला. त्याचं नाव गतिरोधक.

याचाही इतिहास मजेशीर आहे. अमेरिकेतले आर्थर कॉम्प्टन, १९२७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते, सेंट लुईसच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आवारातल्या रस्त्यावर गाड्या जोरात जातात म्हणून १९५३ मध्ये त्यांनी वेग कमी करायला लावणारे उंचवटे आखले. पुढे १९७३ मध्ये ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी प्रयोग करून एक आकार सुचवला. १२ फूट रुंद आणि ४ इंच उंच असा पसरट, गोलसर उंचवटा. ठरलेल्या वेगात गेलात तर अलगद पार होतो, जोरात गेलात तर हादरा बसतो.

आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये गतिरोधकांचं मानक काढलं. त्यातली मापं बघा: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर. म्हणजे तोच १२ फूट बाय ४ इंच! हा गतिरोधक ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आहे. त्याच्या ४० मीटर आधी सूचनाफलक हवा, त्यावर पट्टे रंगवलेले हवेत, आणि ओळीने गतिरोधक असतील तर दोघांत साधारण १०० ते १२० मीटर अंतर हवं.

आणि आपल्या गल्लीत काय असतं? कोणाच्या तरी दारात अपघात होतो. लोक नगरसेवकाकडे जातात. नगरसेवक ठेकेदाराला सांगतो. उरलेल्या डांबराचा फूट-दीड फूट रुंदीचा वरंबा रात्रीत तयार होतो. रंग नाही, फलक नाही. कधी तर कोणी स्वतःच सिमेंटचा टाकतो, कधी जाड दोरखंड रस्त्यावर ठोकतात. वीसने गेलात तरी कार खालून घासते, मागे बसलेल्या काकूंची कंबर जाते, रुग्णवाहिकेतला पेशंट कळवळतो, आणि रात्री अंधारात न दिसल्यामुळे बाइकवाला पडतो. बऱ्याच जणांनी कडेची सहा इंच मोकळी फट शोधून काढलेली असते. बाइक तिथूनच जाते, आणि नेमका तिथूनच माणूस चालत असतो.

आपण यावर मीम करतो, हसतो. पण मला त्या वरंब्यात एक अर्ज दिसतो. ‘आमच्या रस्त्यावर कोणीतरी वेग मोजा हो’ असा अर्ज, ज्याचं उत्तर न आल्यामुळे लोकांनी तो डांबरात लिहिला.

साताऱ्यात ही गरज वेगळ्या प्रकारे जाणवते. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेलं. वरचा रस्ता राजपथ, खालचा कर्मवीर पथ, आणि त्यांना जोडणाऱ्या उताराच्या गल्ल्या. उतारावर ॲक्सिलरेटर न दाबताही गाडी वेग घेते. सांगली कृष्णाकाठची, सपाट. तिथे रस्ते सरळ लांब दिसतात आणि सरळ रस्ता डोळ्यांना सांगतो, ‘जा, मोकळं आहे.’ दोन्हीकडे चालक वाईट असतात असं नाही. रस्त्याचा आकारच वेग सुचवत असतो.

तीस आणि पन्नासमध्ये काय आहे

थोडं गणित. घाबरू नका, दहावीच्या पुढचं नाही. समोर अचानक मूल आलं. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरू, रस्ता कोरडा आणि चांगला धरू. ताशी ३० ने जाणारी कार साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या कारला सुमारे २८ मीटर लागतात. ७० च्या कारला सुमारे ४६.

आता मूल १४ मीटरवर आहे असं समजा. तीसची कार त्याच्या आधी थांबली. पन्नासची कार त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर गेलेली असते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ती मुलापर्यंत पोचली. धडक पूर्ण पन्नासने. वीस किलोमीटरचा फरक हा ‘थोडं जास्त’ नसतो. एकीकडे घाबरून रडणारं मूल आहे, दुसरीकडे सिव्हिल हॉस्पिटल.

आणि वाचतं काय? ५०० मीटरच्या रस्त्याला तीसने ६० सेकंद लागतात, पन्नासने ३६. चोवीस सेकंद.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या ७१ टक्के मृत्यूंचं कारण ‘अतिवेग’ असं नोंदलेलं आहे. पण हा आकडा येतो पोलिसांच्या नोंदींवरून. बहुतेक अपघातांत त्या क्षणी कोणी वेग मोजलेला नसतो. वेग मोजायची सोय आपल्याकडे नाही, तो नोंदवायची आहे, तीही माणूस गेल्यावर.

दुसऱ्यांनी काय केलं

नेदरलँड्समध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षात ४०० हून जास्त मुलं रस्त्यावर मेली. लोक रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळच उभी राहिली. डेल्फ्ट शहरात राहत्या वस्तीचे रस्ते झाडं, वळणं, कुंड्या ठेवून असे केले की गाडीला जोरात जाताच येऊ नये. १९७६ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. जर्मनीत १९८३ मध्ये बुक्सटेहूडेत तीसचा पहिला झोन आला. ऑस्ट्रियातल्या ग्राझने १९९२ मध्ये शहरभर तीस केलं, फक्त मुख्य रस्ते सोडून. पॅरिसने ऑगस्ट २०२१ मध्ये. आणि फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत जगातल्या देशांच्या मंत्र्यांनी जाहीर केलं की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे कमाल ताशी ३०.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. भर डिफॉल्ट किंवा रस्त्याचा आकार बदलण्यावर होता, फक्त पोलिसांवर नाही. रस्ताच हळू चालायला सांगत असेल तर चलन फाडायची वेळ कमी येते.

मग आपण काय करायचं

आपल्याला नवा कायदा लागतो का? इथे कलम ११२ पुन्हा वाचण्यासारखं आहे. मर्यादा एखाद्या रस्त्यासाठी ठरवता येते, तशीच एखाद्या संपूर्ण भागासाठीही ठरवता येते असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे साताऱ्यातली सदर बझार, गोडोली, किंवा सांगलीतला गावभाग, विश्रामबाग असा अख्खा भाग एका अधिसूचनेत ‘ताशी ३०’ करता येतो. आत शिरायच्या प्रत्येक रस्त्यावर फलक. आपल्या पद्धतीचा दिव्याचा खांब!

यात्रेच्या किंवा गणपती विसर्जनाच्या वेळी वाहतुकीत बदलाचे आदेश निघतात, ते आपण पेपरात वाचतोच. म्हणजे आदेश काढायची सवय यंत्रणेला आहे. गल्लीसाठी तो कोणी मागितलेला नसतो, एवढंच.

तुमच्या हातात काय? माहिती अधिकारात एक साधा प्रश्न विचारता येतो: माझ्या रस्त्याला कलम ११२ खाली कमी वेगमर्यादेची कुठली अधिसूचना आहे का? असेल तर प्रत द्या. नसेल तर तेच उत्तर जोडून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे मागणी करता येते. ही समिती मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्येच आहे. आणि गतिरोधक मागायचा असेल तर ‘टाका’ एवढंच न म्हणता ‘३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, रंगवलेला, ४० मीटर आधी फलक’ असं लेखी मागा. आकडे लिहिले की ठेकेदारालाही उरलेलं डांबर ओतून निघून जाणं जड जातं.

‘पण सगळी वसुलीच आहे’ असं म्हणणारे भेटतील. त्यांचंही पूर्ण चूक नाही. ट्रॅफिक पोलिसांचा अनुभव सगळ्यांना असतो. म्हणूनच १९०३ चं ते वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. मोजल्याशिवाय दंड नाही, हा नागरिकाचा हक्क आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. त्या गल्लीत संध्याकाळी क्रिकेट खेळणारं पोर आणि दूध आणायला निघालेली आजी हेही नागरिकच आहेत. त्यांच्या बाजूने आज उभा आहे तो फक्त फूटभर रुंदीचा, रंग नसलेला डांबराचा वरंबा.

तर या आठवड्यात एक करा. घराबाहेर पडा आणि गल्लीच्या तोंडाशी वेगाचा फलक आहे का ते बघा. असेल तर आकडा, नसेल तर ‘नाही’ एवढंच कमेंटमध्ये लिहा, सोबत शहर आणि भागाचं नाव. सातारा आणि सांगलीची उत्तरं एकत्र केली की आपल्याकडे निदान एक मोजणी तरी असेल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि गल्लीत हळू चालवा.